अर्धलीची पुस्तकं

ग्रंथालय, बीड
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. बिभीषण गडदे यांस,
द्वारा तात्याबा किराणा दुकान, दिंद्रुड, ता. माजलगाव

सप्रेम नमस्कार.

मी अंजना शिनगारे, तुमच्या मुलीच्या, सुकन्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आधीच सांगते, तिची तब्येत चांगली आहे आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. कॉलेजचं पाकीट आलं की घरची माणसं घाबरतात, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं.

अर्जावरच्या नंबरवर मी दोनदा फोन केला. तो मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर लागतो. उचलणारे गृहस्थ म्हणाले, "भाऊ मेंढरं घेऊन गेलेत. तुमची ऑर्डर काय?" दुसऱ्या वेळीही त्यांनी ऑर्डरच विचारली. म्हणून पत्र.

ज्या मुलांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात येतं, त्यांना आम्ही दरवर्षी अभ्यासाच्या पुस्तकांचा पूर्ण संच वर्षभरासाठी देतो. सुकन्यालाही ऑगस्टमध्ये दिला होता. तो वर्ष संपेपर्यंत तिच्याकडेच राहायचा होता. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एक पोतं घेऊन आली, सगळी पुस्तकं टेबलावर मांडली आणि म्हणाली, "घ्या मॅडम, मोजून." मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "घरी दुसरी आहेत." त्यानंतर ती ग्रंथालयात फिरकलेली नाही.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पुस्तकं दिंद्रुडला कुणाकडून आणली असतील तर फार चांगलं आहे. पण तसं नसेल, तर जानेवारीत परीक्षा आहे आणि पोरगी पुस्तकांशिवाय बसली आहे. मला काही उलगडा होत नाही. आपण दोन ओळी लिहून कळवलंत तर बरं होईल.

आपली,
अंजना शिनगारे

*

मु. गोदाकाठ, गेवराईच्या खाली
३ डिसेंबर

म्याडमला बिभीषण यमाजी गडदे याचा रामराम.

पत्र माझी सून योगिता लिहिती. मी सांगन तसंच लिवायचं, आपल्या मनानं कायबी घालायचं न्हाई, असं तिला बजावलंय.

तुमचं कागद तात्याबाच्या दुकानात पडून व्हतं. आमी दिवाळी झाली की मेंढरं घिऊन हिकडं येतो. तात्याबानं कुनाच्या तरी मोटरसायकलीवर पाठवून दिलं. कालेजचा शिक्का बघून घरात सगळ्यांचं जेवन ऱ्हायलं. तुमी पैल्या वळीतच खुशाली लिवली, ते बरं केलं.

पुस्तकं मीच माघारी द्यायला लावली. पोरीचा कसूर न्हाई. घरी दुसरी पुस्तकं न्हाईत, ते ती खोटं बोलली. तिला माझ्या वतीनं माफी असावी. एखादं पान दुमडलं असंल तर सांगा. पोतं नवंच व्हतं, ते ठिवून घ्या.

आता मी इचारतो तेचा सरळ जबाब द्या. तुमी येवढी पुस्तकं वर्सभर फुकट देता. कावून देता? जगात असं कुनी देत न्हाई. पोरगी पास झाली तर त्यात तुमचा वाटा काय? आन नापास झाली तर मग कसं? तिच्या पुढच्या कामाधंद्याचं तुमी काय ठरवून ठिवलंय? हे सगळं कागदावर पाहिजे. तोंडी नको.

पोरगी लई कष्टाळू हाय. ल्हानपनी कोकराला बाटलीनं दूध पाजता पाजता पाढे म्हनायची. तिचं नुकसान व्हावं असं मला वाटत न्हाई. पर मानसानं आदी सगळं इचारून घ्यावं.

तुमचा,
बिभीषण गडदे

*

ग्रंथालय, बीड
७ डिसेंबर

आदरणीय बिभीषणभाऊ,

तुमचं पत्र वाचून मला खरोखर आनंद झाला. इतकी वर्षं नोकरी करते, पण एखाद्या वडिलांनी मुलीच्या पुढच्या कामाधंद्याबद्दल असं विचारलेलं आठवत नाही. तुम्ही मागितलंत तसं कागदावर देते.

तुम्ही आमच्या वाट्याबद्दल विचारलंत. खरं सांगायचं तर कष्ट तिचे, आमचा वाटा लहानच. पण तो आम्ही सोडणार नाही. ती पास झाली की पुढच्या वर्षीही आम्ही तिला ठेवून घेऊ, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा संचही तिच्या नावावर लागेल. नापास झाली तरी काळजी करू नका. नापास झाली म्हणून आम्ही कुणाला सोडून देत नाही. उलट जास्तच लक्ष ठेवतो.

कामाचं म्हणाल, तर "कमवा आणि शिका" नावाची योजना आहे. त्यात तिला ग्रंथालयातच काम देता येईल. दुपारच्या वेळेत पुस्तकं जागेवर लावायची, धूळ पुसायची. मुलींना इथं सुरक्षित वाटतं. काही मुली तर तीन तीन वर्षं आमच्याकडेच काम करतात.

सुकन्या आता तुमच्याइतकीच आमचीही मुलगी आहे, असं समजा.

फक्त एक राहिलं. संच पुन्हा द्यायचा तर हमीपत्रावर पालकांची सही किंवा अंगठा लागतो. ऑगस्टमध्ये तिच्या भावाची सही चालवून घेतली होती, पण नियमाप्रमाणे वडिलांचीच हवी. सवडीनं एकदा या. पण परीक्षेच्या आधी या.

आपली,
अंजना शिनगारे

*

गोदाकाठ
१९ डिसेंबर

म्याडमला रामराम.

कागद पोचला. योगितानं दोन बार वाचून दावला. सगळं समजलं.

पास झाली तर ठिवून घेनार. नापास झाली तर सोडनार न्हाई. मग आमच्याकडं ती येनार कवा?

वर तिच्याकडून झाडलोट करून घेनार, तीबी तीन तीन साल. आन माझा अंगठा पाहिजे. तुमी मानूस चांगल्या दिसता. गोड लिवता. पर गोड बोलनारे आमी बघितलेले हाईत. तेबी म्हनले व्हते, पोरगं आमच्या घरच्यावानी ऱ्हाईल.

अमुशा झाली की मी पोरीला न्यायला येतो. तिची सामानाची पेटी भरून ठिवायला सांगा. ज्या दोन-तीन महिन्यांची पुस्तकं वापरली, तेवढ्याची काय भरपाई व्हईल ती सांगा, मी मेंढरू इकून देतो. पुढचं न्हाई.

बिभीषण गडदे

ता.क. मॅडम, मी योगिता. मामंजी बाहेर गेलेत म्हणून घाईत लिहिते. ते मनानं वाईट नाहीत, तुम्ही राग धरू नका.

आमच्याकडं अर्धलीची रीत आहे. ज्याच्याजवळ मेंढरं जास्त, तो दुसऱ्याला मेंढी पाळायला देतो. चारायचं, राखायचं दुसऱ्यानं. मेंढी व्याली की पहिलं कोकरू मालकाचं, दुसरं पाळणाऱ्याचं. मामंजींचे थोरले भाऊ राधाकिशन यांनी असंच गेवराईकडच्या एका मोठ्या घरची मेंढरं अर्धलीनं घेतली होती. एका साली रोग आला, कोकरं मेली. मालक म्हणाला, माझं पहिलं फळ बुडालं, आता तू माझ्याकडं राहा आणि कामानं फेड. राधाकिशन मामंजी एका सालासाठी गेले आणि केस पांढरे झाल्यावर परत आले.

दिवाळीला सुकन्यानं घरी हौसेनं सांगितलं की कॉलेजनं वर्षभरासाठी पुस्तकं दिली, फुकट, आणि तिथले शिपाई म्हणाले, "घेतलीस ना? आता तू आमची झालीस." सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. ते ताटावरून उठले.

त्यांचं म्हणणं आहे, पुस्तकं अर्धलीची आहेत. पोरीचं पहिलं फळ तुमचं.

मला हे खरं वाटत नाही. पण ते खोटं आहे असंही मला कुणी सांगितलेलं नाही. मी दहावीपर्यंतच शिकले.

*

मुलींचं वसतिगृह, बीड
२४ डिसेंबर

आदरणीय मॅडम,

काल तुम्ही मला आत बोलावून विचारलंत तेव्हा मी नुसती मान हलवत राहिले. मला समोर बोलता येत नाही. म्हणून हे लिहून टेबलावर ठेवून जाते आहे.

दादांची आणि तुमची पत्रं चालू आहेत हे मला काल कळलं. तुम्ही दोघं माझ्याबद्दल महिनाभर लिहिताय आणि मला कुणीच काही विचारलं नाही. मला आधी राग आला. मग वाटलं, मी तरी कुठं कुणाला काही विचारलं?

खरं सांगते. दादांनी अर्धलीचं सांगितलं तेव्हा मला ते चूक वाटलं, पण खात्री नव्हती. हमीपत्रावर बारीक अक्षरात बरंच काही होतं. त्यात "संस्थेचा हक्क राहील" असं एक वाक्य होतं. कशावर हक्क राहील, हे मला नीट समजलं नाही. वर्गात विचारावं तर सगळे हसतील असं वाटलं. माझ्या वर्गातल्या मनिषाच्या घरी सगळे शिकलेले आहेत, तिला असलं कधी विचारावं लागत नाही. कुणाला विचारायचं, हेच मला माहीत नव्हतं. विचारलं की आपल्याला काही माहीत नाही, हे सगळ्यांना कळतं.

तुम्ही काल म्हणालात, ग्रंथालयात येणं का सोडलंस. मी सोडलं नाही मॅडम. मी रोज येते. बाहेरच्या पायऱ्यांवर बसते. पुस्तकं परत दिली म्हणजे आत बसायचा हक्कही गेला, असं मला वाटलं होतं. मनिषा जेवायला गेली की तिच्या पुस्तकातून मी उतरवून घेते. रसायनशास्त्र उतरवून होत नाही. त्यात आकृत्या फार आहेत.

काल तुम्ही म्हणालात, आत कुणीही बसू शकतं. हे खरं आहे का? कार्ड लागत नाही? किती वेळ बसलं तर चालतं?

दादा न्यायला येणार आहेत. ते बोलले की बोलले. मला जायचं नाही. पण राधाकिशन काकांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे दादांना मी काय सांगू, ते मला सुचत नाही.

आपली विद्यार्थिनी,
सुकन्या गडदे

*

ग्रंथालय, बीड
२६ डिसेंबर

आदरणीय बिभीषणभाऊ,

योगितानं मला सगळं लिहिलं आहे. तिला रागावू नका. तिनं लिहिलं नसतं तर मी तुम्हाला आणखी एक गोड पत्र पाठवलं असतं.

माझं मागचं पत्र मी आज तुमच्या जागी बसून वाचलं. पोरीला ठेवून घेतो, सोडत नाही, कामाला लावतो, अंगठा द्या. मीसुद्धा पेटी भरायला सांगितली असती.

पुस्तकं अर्धलीची नाहीत. पहिलं फळ नाही, दुसरं नाही, कुठलंच नाही. सुकन्या पास होऊन उद्या मोठी अधिकारी झाली तरी कॉलेज तिच्याकडे काही मागू शकत नाही. "ठेवून घेऊ" म्हणजे तिचं नाव यादीत ठेवू, एवढंच. काम म्हणजे दुपारचं थोडा वेळचं काम, त्याची मजुरी तिच्या हातात. नको असेल तर नको. आणि हमीपत्रात लिहिलेला संस्थेचा हक्क राहतो तो पुस्तकावर. मुलीवर नाही. ते वाक्य आम्ही मुलीच्या नावाच्या खाली छापलं आहे. इतक्या वर्षांत ते कसं दिसतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तुमच्या पहिल्या पत्रात एक प्रश्न होता. कावून देता? त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. प्राचार्यांना विचारलं, तर ते म्हणाले, योजनाच तशी आहे. आमचे शिपाई रामेश्वर यांना विचारलं, तर ते म्हणाले, वर्षानुवर्षं देतो म्हणून देतो. त्यांच्या त्या एका वाक्यानं एवढं झालं हे कळल्यापासून ते कुणाशी थट्टा करत नाहीत. मलाही नियम पाठ आहे, कारण नाही.

तुम्ही येणार आहात तर या. पेटी मी भरायला सांगितलेली नाही. आधी ग्रंथालय बघा. मग काय करायचं ते तुम्ही ठरवा.

अंजना शिनगारे

*

वसतिगृह, बीड
५ जानेवारी २०२५

वहिनी,

दादा आणि भाऊ तिकडं पोचायच्या आत हे पत्र पोचणार नाही, पण दादा तुला काही सांगणार नाहीत आणि भाऊ उलटसुलट सांगेल, म्हणून लिहिते.

दादा काल सकाळीच आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दारात रामेश्वरकाका होते. ते म्हणाले, "बाबा, काठी बाहेर ठेवा." दादा म्हणाले, "काठी बाहीर ऱ्हायली तर मीबी बाहीर ऱ्हातो." हरिओमभाऊ हळूच म्हणतो, "दादा, हितं मेंढरं न्हाईत." तर दादा म्हणाले, "तू हाईस की बे." वाचत बसलेल्या मुली हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. शेवटी मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काठीसकट या."

मॅडमनी चहा मागवला. दादांनी घेतला नाही. म्हणाले, आदी बोलनं. मग कपाटांमधून फिरले. मधेच एक पुस्तक काढायचे, पहिलं पान उघडायचे, शिक्का बघायचे, परत ठेवायचे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "परत्येकाला खूण केलेली हाय. मंग चुकत न्हाई एखादं?"

मॅडम म्हणाल्या, "चुकतात. दरवर्षी थोडी येतच नाहीत."

"मंग त्यांच्या मागं कोन जातं?"

"मी पत्र लिहिते."

दादा पहिल्यांदा हसले. "पत्रानं मेंढरू येतं व्हय?"

"तुम्ही आलात की," मॅडम म्हणाल्या.

भाऊ एवढ्या मोठ्यानं हसला की रामेश्वरकाकांनी त्याला गप्प राहा म्हणून बोट दाखवलं. दादांनी मग चहा घेतला. पण मुद्दा सोडला नाही. म्हणाले, "म्याडम, मेंढी देनाराला कोकरू मिळतं. शेतात मेंढरं बसवली तर शेतवाल्याला खत मिळतं. तुमाला काय मिळतं? ते सांगा, मी लगीच अंगठा देतो."

वहिनी, मॅडम गप्प झाल्या. खरंच गप्प झाल्या. मला वाटलं संपलं सगळं. मी मनात पेटी भरायला घेतली.

मग त्या उठल्या आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे होते, छताला लागतील एवढे. जुनी असतील असं मला वाटलं. पण न वापरलेली, कोरीच होती, फक्त पिवळी पडलेली. काहींना वाळवी. दादांनी एका गठ्ठ्याला काठी लावली तर पावडर गळाली.

"ही कशानं मेली?" दादांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "कुणी नेली नाहीत म्हणून. आम्ही कपाटाला कुलूप लावून ठेवली होती, खराब होऊ नयेत म्हणून. मी नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. कुणी मागायचं नाही आणि आम्ही द्यायचो नाही. मग रद्दीत काढायची वेळ आली."

दादा तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजी चारायला न्हेली न्हाईत तर मरतेत."

मॅडम म्हणाल्या, "हो. तसंच."

"मंग हे आदी का न्हाई लिवलं?"

"मला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं."

दादा माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "आगं, ह्यांच्याकडं राखनारच न्हाई. ह्यांनीच तुला राखनीचे पैसे द्याया पाहिजेत, आन मी हितं भरपाई द्यायला मेंढरू इकाय निघालो!"

रामेश्वरकाकांनी माझी पुस्तकं भरून तेच पोतं काढून दिलं. त्यांनी जपून ठेवलं होतं. दादांनी अंगठा दिला, पण त्याआधी मॅडमकडून "हक्क पुस्तकावर, मुलीवर नाही" असं पेनानं लिहून घेतलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग पोतं स्वतः खांद्यावर घेऊन वसतिगृहाच्या दारापर्यंत आले. भाऊ म्हणत होता, मी घेतो. दादांनी दिलं नाही.

जाताना मला म्हणाले, "रोज काढून वाचत जा. बांधून ठिवू नगंस."

मला अजून नीट कळलेलं नाही, ते पुस्तकांचं पटून मानले की मॅडम गप्प झाल्या म्हणून मानले. तुला काही बोलले तर कळव. परीक्षेला थोडेच दिवस उरलेत. रसायनशास्त्राच्या आकृत्या आता उतरवून घ्यायला लागत नाहीत, पण समजत तरी कुठं आहेत!

तुझी,
सुकन्या

*

दिंद्रुड
२० मार्च

म्याडमला बिभीषण गडदे याचा रामराम.

मेंढरं घिऊन आमी गावाकडं आलो. पोरीचा निकाल कळला. रसायनाचं ऱ्हायलं म्हंती. तिनं तात्याबाच्या दुकानावर फोन केला तवा रडत व्हती. मी म्हनलं, आगं, येवढ्या इषयातला येक ऱ्हायला. कळपात येवढं जातंच. दुसऱ्या बारीला धर.

तुमी नापास झाली तरी सोडनार न्हाई म्हनला व्हता, ते आता ध्यानात ठिवा. तवा मला राग आलता. आता तुमी सोडली तर राग यील.

आता दुसरी गोष्ट. त्या दिवशी मी घरी आलो आन मला झोप लागंना. तुमी मला येवढी पुस्तकं इश्वासानं दिली, वाटा न घेता. मानसाला असं देनं बाकी ठिवून ऱ्हाता येत न्हाई. म्हनून मी येक मेंढी तुमच्या नावानं काढली. तिच्या पाठीवर गेरूचा टिपका दिला. अर्धलीची रीत हाय ती हाय. मेंढी तुमची, पाळनार मी. पैलं कोकरू तुमचं, दुसरं माझं.

ती परवा व्याली. कोकरू काळं हाय, कपाळावर पांढरी चांदी. चांगलं दूध पितंय.

ते तुमचं. कवा नेता?

बिभीषण गडदे

ता.क. मॅडम, योगिताचा नमस्कार. मी त्यांना म्हटलं की मॅडमना कोकरू कसं चालेल? तर म्हणाले, "पुस्तकं चालतेत आन कोकरू कावून न्हाई?" आता यावर मी काय बोलू, तुम्हीच सांगा.

*

ग्रंथालय, बीड
२७ मार्च

आदरणीय बिभीषणभाऊ,

तुमचं पत्र मी रामेश्वर यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मागच्या खोलीत जागा आहे, गठ्ठे हलवू. मी त्यांना आवरलं.

मला कळेना, हे कुणाला विचारावं. कर्मचाऱ्यानं पालकाकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे. पण नियमात मेंढी कुठं लिहिलेली नाही, आणि तुम्ही भेट देत नसून माझीच मेंढी मला सांगताय. प्राचार्यांना विचारलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की कोण कुणाचं देणं लागतं?" शेवटी ते म्हणाले, कोकरू कॉलेजात आणू नका म्हणजे झालं.

तर माझं उत्तर असं. कोकरू माझं, हे मान्य. पण ते वर्षभर तुमच्याकडेच राहू द्या. चारायला नेलं नाही तर काय होतं, हे तुम्ही मला मागच्या खोलीत सांगितलंत. कपाळावरची चांदी मला एकदा बघायची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिंद्रुडला येईन. ढाब्यावर फोन करणार नाही.

आणि भरपाई म्हणून काही करायचंच असेल तर एक काम आहे. जूनमध्ये नवीन मुलं येतील. संच देण्याच्या दिवशी मी त्यांच्या घरच्यांनाही बोलावते आहे. हमीपत्रही नवीन छापलं आहे, सुकन्यानं वाचून पास केलेलं. तरी एखादे वडील विचारतीलच, कावून देता? त्या दिवशी तुम्ही इथं बसावं असं मला वाटतं. काठीसकट.

रसायनशास्त्राचं पुस्तक मी सुकन्याकडून परत घेतलेलं नाही. सध्या ती रोज दुपारी आत येऊन बसते, खिडकीजवळच्या टेबलाशी. पहिल्या आठवड्यात दर अर्ध्या तासानं मला विचारायला यायची, अजून बसू का? आता विचारत नाही.

शनिवारच्या गाडीनं ती घरी येते आहे. बघा, आम्ही तिला ठेवून घेतलेलं नाही. तुम्हीही घेऊ नका. सोमवारी परत पाठवा.

तुमची,
अंजना शिनगारे